देवघरातला दगड आणि शोकेसमधला दगड

आमच्या देवघरात एक काळा, गुळगुळीत शाळिग्राम आहे. पणजोबांनी मुक्तिनाथहून आणलेला. लहानपणी आम्ही त्यातलं चक्र बोटाने चाचपून बघायचो. ते चक्र म्हणजे अमोनाइटचा ठसा, हे फार उशिरा कळलं. वरून शंख, पण प्राणी आपल्या बाजारातल्या माकुळाचा लांबचा भाऊबंद. सगळे अमोनाइट साडेसहा कोटी वर्षांपूर्वी संपले.

हिमालय नव्हता तेव्हा तिथे टेथिस समुद्र होता. सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी हे जीव त्याच्या गाळात गाडले गेले. पुढे भारत आशियाला धडकला आणि समुद्राचा तळच डोंगर झाला. नेपाळच्या काली गंडकीतला शाळिग्राम आणि हिमाचलच्या स्पितीतला अमोनाइट, दोन्ही एकाच जातीच्या काळ्या खडकातले.

१८६० च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या फर्डिनांड स्टोलिच्काने स्पितीतले थर अभ्यासले. १८७४ मध्ये लडाखमध्येच तो वारला, लेहला त्याची कबर आहे. पुढे व्हिक्टर उलिगने स्पितीच्या अमोनाइटांवर मोठा ग्रंथ लिहिला. या लोकांनीही दगड उचलले, पण कुठून उचलले ते लिहून ठेवलं. कारण अमोनाइटची जात कळली की खडकाचं वय कळतं. अमोनाइट म्हणजे डोंगराची जन्मपत्रिकाच!

आता माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी स्पितीतल्या एका गावात मी ५०० रुपयांना अमोनाइट घेतला. विकणाऱ्या पोराला विचारलं, कुठे मिळाला? त्याने डोंगराकडे हात केला, "ऊपर से." बस्स, एवढीच नोंद. आज तो माझ्या शोकेसमध्ये आहे. दिसतो छान, पण सांगत काहीच नाही.

दोष त्या पोराचा नाही. आपण घेतो म्हणून तो विकतो.

भू-वारसा जपण्यासाठी केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये विधेयकाचा मसुदा काढला होता. कायदा हवाच. पण पाकीट तर आपल्याच खिशात असतं ना? स्पितीला जा, अमोनाइट बघा, फोटो काढा, गावात राहा, जेवा, वाट दाखवणाऱ्याला पैसे द्या. दगड मात्र तिथेच राहू द्या.

आजी म्हणायची, शाळिग्राम कधी विकत घेऊ नये. तिची कारणं वेगळी होती. पण म्हणणं बरोबरच होतं.