सलाम न ठोकणारा माणूस

तर झालं असं. मागच्या शनिवारी बाबांना घेऊन पुण्याहून मुंबईला निघालो होतो. एक्सप्रेसवे मोकळा, गाडी शंभरच्या जरा पुढे, आणि मोबाईलवरचा नेव्हिगेटर सवयीने बोलला की पुढे स्पीड कॅमेरा आहे. पाय आपोआप ब्रेकवर. काटा नव्वदवर. कॅमेऱ्याची कमान डोक्यावरून गेली, पाय परत ॲक्सिलरेटरवर. तिसऱ्यांदा हेच झाल्यावर बाबा शांतपणे म्हणाले, "अरे, हे यंत्र तुला जपून चालव म्हणतंय, की सांभाळ, पुढे मामा उभा आहे म्हणतंय?"

आपण सॉफ्टवेअरवाले. प्रश्नाला उत्तर नसलं की "हे फीचर असंच आहे" म्हणायची सवय. तेच म्हणालो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. घरी येऊन वाचत बसलो तेव्हा लक्षात आलं, की बाबांचा हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे आणि तो इंग्लंडच्या कोर्टातसुद्धा जाऊन आलाय.

सुरुवातीपासून बघू. १८६५ साली इंग्लंडमध्ये कायदा झाला, की स्वतःच्या इंजिनावर चालणाऱ्या गाडीने गावात ताशी २ मैल आणि गावाबाहेर ४ मैल या वेगाने जायचं. पुढे एक माणूस लाल झेंडा घेऊन चालणार! म्हणजे वेगाचा पहिला इशारा ड्रायव्हरसाठी नव्हताच, रस्त्यावरच्या बाकी लोकांसाठी होता. झेंड्याची सक्ती १८७८ साली गेली, पण वेगाची मर्यादा राहिली. २८ जानेवारी १८९६ ला केंट परगण्यात वॉल्टर अर्नोल्ड नावाचे गृहस्थ गावातून तब्बल ताशी ८ मैल वेगाने गेले. म्हणजे साधारण १३ किलोमीटर. एका पोलिसाने सायकलवरून पाठलाग करून त्यांना पकडलं. वेगासाठी दंड झाला १ शिलिंग. जगातल्या वेगमर्यादा मोडणाऱ्या पहिल्या मोटारवाल्यांत त्यांचं नाव घेतात.

१९०३ च्या कायद्याने मर्यादा ताशी २० मैल झाली, आणि पोलिसांनी नवी युक्ती काढली. रस्त्याचा ठराविक टप्पा मोजायचा, दोन्ही टोकांना झुडपात पोलीस बसवायचे, हातात स्टॉपवॉच. अंतर भागिले वेळ. शाळेतलं गणित! (आजचे सरासरी वेग मोजणारे कॅमेरेही हेच करतात, फक्त झुडूप नाही.) गंमत म्हणजे आपण किती वेगात आहोत हे ड्रायव्हरला नीट कळेलच असं नव्हतं. जर्मनीच्या ओट्टो शुल्झेने चुंबकावर चालणाऱ्या स्पीडोमीटरचं पेटंट १९०२ मध्ये घेतलं होतं. चाकाबरोबर चुंबक फिरतो, शेजारची धातूची वाटी त्याच्यामागे ओढली जाते, स्प्रिंग तिला धरून ठेवते, आणि काटा सरकतो. पण इंग्लंडात गाडीला स्पीडोमीटर सक्तीचा व्हायला १९३७ उजाडलं.

मोटारवाले चिडले. १९०५ साली त्यांनी 'ऑटोमोबाईल असोसिएशन' काढली. संस्थेचं पहिलं काम काय, तर सायकलवरून माणसं हिंडवायची आणि पुढे पोलिसांचा सापळा आहे हे येणाऱ्या गाड्यांना सांगायचं. मंडळी, हा पहिला स्पीड अलर्ट. बॅटरी नाही, सिग्नल नाही, दोन पायांवर चालणारा.

पोलिसांनी अर्थातच खटले भरले. १९०७ च्या एका खटल्यात असा इशारा देणारी माणसं सुटली, कारण त्या गाड्या तेव्हा मर्यादा मोडत होत्या असा पुरावाच नव्हता. पण पुढच्या दोन-तीन वर्षांत आलेल्या 'बेट्स विरुद्ध स्टीव्हन्स' खटल्यात निकाल उलटा लागला. आधीच मर्यादा मोडून येणाऱ्या गाडीला केवळ पोलिसांच्या हाती पुरावा लागू नये म्हणून सावध करणं, म्हणजे पोलिसांच्या कामात अडथळा, असं न्यायाधीशांनी ठरवलं.

आणि इथे संस्थेने जे डोकं चालवलं ना, ते निव्वळ भारी. त्यांची माणसं बिल्ला लावलेल्या प्रत्येक सभासदाच्या गाडीला सलाम ठोकायची. आता सभासदांना सांगून ठेवलं, की आमच्या माणसाने सलाम केला नाही तर थांबा आणि कारण विचारा. झालं! सलाम न करणं हा काही गुन्हा होऊ शकत नाही. आपल्या भाषेत सांगायचं तर, सिग्नल येणं हा इशारा नाही, सिग्नल न येणं हा इशारा. सर्व्हरचा 'मी जिवंत आहे' हा ठोका बंद पडला की आपला पेजर वाजतो, तेच लॉजिक.

पण नीट बघा, त्या सलामात बाबांचा प्रश्न दडलेला आहे. तो माणूस लोकांना सावकाश जा म्हणत नव्हता. तो म्हणत होता, इथे सावकाश जा.

दुसऱ्या प्रकारचा इशाराही पुढे आला, पोलिसांशी काही संबंध नसलेला. १९५० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ब्युइकच्या काही गाड्यांत आपण वेग ठरवून ठेवायचा, तो ओलांडला की बझर वाजणार, अशी सोय होती. जपानी गाड्यांत तर ताशी शंभरच्या पुढे घंटी किणकिणायची सक्तीच होती. ती १९८६ साली काढून टाकली. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून बनलेल्या कारमध्ये ८० च्या पुढे अधूनमधून आणि १२० च्या पुढे सलग बीप वाजतो, तो याच घराण्यातला. त्याला रस्ता कुठला हे ठाऊक नाही. शाळेसमोर ७० ने जा, तो गप्प. शंभरची परवानगी असलेल्या रस्त्यावर ८५ ने जा, तो ओरडणार.

रस्ता ओळखायला जीपीएस लागलं. सुरुवातीला अमेरिका सामान्य लोकांच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे. जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवली जायची. इतक्या चुकीत तुम्ही हायवेवर आहात की शेजारच्या सर्व्हिस रोडवर, काय कळणार? मे २००० मध्ये ही भेसळ बंद झाली आणि गाडीतल्या नेव्हिगेटरचा धंदा खऱ्या अर्थाने उभा राहिला. वेग काढायला तर उपग्रहाच्या लहरींतला डॉप्लर फरक पुरतो. मोकळ्या आभाळाखाली, एकसारख्या वेगात, हा आकडा डॅशबोर्डवरच्या काट्यापेक्षा खरा असतो. काटा मुद्दामच थोडं जास्त दाखवतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमांनुसार काट्याने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही. खरा वेग शंभर असेल तर ११४ पर्यंत दाखवलेलं चालतं. म्हणून "मोबाईल ९५ म्हणतोय, काटा शंभर म्हणतोय" हे भांडण दर ट्रिपला होतं.

नेव्हिगेटरमध्ये दोन्ही घराणी एकत्र आली. एक इशारा म्हणतो, या रस्त्याची मर्यादा ओलांडलीस. दुसरा म्हणतो, पुढे कॅमेरा आहे. बहुतेक जण पहिला बंद करतात, कारण तो सारखा कटकट करतो. दुसरा मात्र जपून चालू ठेवतात. (मी पण. कबूल.) फ्रान्सने २०१२ मध्ये कॅमेऱ्याची नेमकी जागा सांगणाऱ्या यंत्रांवर बंदी आणली, तर कंपन्यांनी 'धोक्याचा टप्पा' असा मोघम इशारा सुरू केला. सलाम न ठोकणारा माणूस परत आला म्हणायचा!

आणि कधीकधी इशारा देणाराच फितूर होतो. २०११ साली हॉलंडमध्ये उघड झालं, की टॉमटॉमने गिऱ्हाइकांच्या नेव्हिगेटरमधून गोळा झालेली वेगाची निनावी माहिती विकली होती, आणि ती पोलिसांपर्यंत पोचून कॅमेरे कुठे लावायचे हे ठरवायला वापरली गेली. कंपनीच्या प्रमुखांना जाहीर माफी मागावी लागली. गंमत बघा, लोकांना राग वेगाच्या माहितीचा नव्हता, ती 'तिकडे' गेल्याचा होता.

कॅमेऱ्याची गोष्टही अशीच उलटी. मौस गात्सोनिदेस हा डच रॅली ड्रायव्हर, १९५३ ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकलेला. वळणावर आपण किती वेगात असतो हे मोजून आणखी वेगात जाता यावं म्हणून त्याने मोजणीचं यंत्र बनवलं. त्यातूनच पुढे जगभरचे 'गात्सो' स्पीड कॅमेरे निघाले. अजून जोरात जायला बनवलेली वस्तू, सावकाश जायला लावू लागली.

आता बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. सरकारी आकड्यांप्रमाणे २०२२ साली भारतात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली सुमारे ७१ टक्के अतिवेगाच्या खात्यात आहेत. ८० वरून १०० वर गेलं की वेग पाव पटीने वाढतो, पण धडकेतली ऊर्जा दीडपटीहून जास्त होते. शंभरला एका सेकंदात गाडी २८ मीटर जाते. म्हणजे "अरे, हा माणूस मध्ये कुठून आला" हे मनात येईपर्यंत तो माणूस मागे पडलेला असतो, किंवा... असो. हे गणित कॅमेऱ्याच्या कमानीखाली जसं लागू, तसंच पुढच्या दोन किलोमीटरवरही. मी मात्र फक्त कमानीखाली शहाणा होत होतो.

युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये रस्त्याची मर्यादा ओळखून टोकणारी यंत्रणा सक्तीची झालीय. ड्रायव्हरला ती बंद करता येते, पण गाडी पुन्हा सुरू केली की ती पुन्हा चालू. आईसारखी.

रविवारी परत येताना कॅमेऱ्याचा इशारा बंद केला आणि मर्यादेचा चालू केला. पहिला अर्धा तास वैताग आला. टाँग टाँग टाँग. मग हळूहळू आवाज कमी झाला, कारण मीच कमी झालो. घाट चढेपर्यंत बाबा चक्क घोरायला लागले होते.

आदल्या दिवशी जाताना ते पूर्ण वेळ जागे होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.