वहीतला किल्ला

चित्रकलेला आश्रय लागतो, ही गोष्ट जुनीच आहे. पण आश्रय देणारा आपल्या आवडीचे चित्र मागतो. मग चित्रकाराचे स्वतःचे असे काय उरते? इंग्लंडचा निसर्गचित्रकार टर्नर याचे तरुणपण पाहिले म्हणजे याचा उलगडा होतो.

टर्नरचा जन्म १७७५ सालचा, लंडनचा. बाप न्हावी. पोराने काढलेली चित्रे तो आपल्या दुकानात विकायला टांगून ठेवी! चौदाव्या वर्षी, १७८९ मध्ये, पोरगा रॉयल अकादमीच्या शाळेत दाखल झाला. पुढे मन्‍रो नावाच्या एका धनिक डॉक्टरांनी त्याला व गर्टिन या दुसऱ्या तरुणाला संध्याकाळी घरी बोलवावे, थोरांची चित्रे समोर ठेवून नकला करवून घ्याव्यात, थोडे पैसे द्यावेत आणि जेवू घालावे, असा क्रम काही वर्षे चालला. गर्टिनने रेषा काढाव्यात, टर्नरने त्यांवर पातळ रंग द्यावा. हात बसला तो असा.

पण डोळा तयार झाला तो भटकंतीत. उन्हाळा आला की स्वारी निघालीच! १७९१ मध्ये ब्रिस्टल, १७९२ मध्ये वेल्स. बरोबर वही आणि शिसपेन्सील. वाटेत भराभर रेखाटने करायची आणि घरी परतल्यावर त्यांवरून जलरंगातली चित्रे तयार करायची, ही त्याची रीत.

१७९७ साली, बाविसाव्या वर्षी, तो उत्तर इंग्लंडात गेला. हेअरवुडच्या लॅसल्स या जमीनदाराला आपल्या वाड्याची चित्रे हवी होती. ती त्याने चोख करून दिली. पण त्याच फेरीत, स्कॉटलंडच्या सीमेवर, ट्वीड नदीकाठी नॉरमचा पडका किल्ला त्याला दिसला. तो त्याने वहीत टिपला. त्यावरून केलेले जलरंगचित्र १७९८ च्या प्रदर्शनात लागले.

गंमत पुढेच आहे. हा किल्ला त्याने जन्मभर सोडला नाही. पुन्हा तिथे गेला, पुन्हा पुन्हा रंगवला. १८४५ च्या सुमारास, सत्तरीला आलेल्या टर्नरने तैलरंगात शेवटचा नॉरम काढला. त्यात सूर्य उगवतो आहे, किल्ला म्हणजे नुसती निळसर छाया, आणि पाण्यात एक गाय. हे चित्र कोणी मागितले नव्हते. त्याच्या हयातीत ते प्रदर्शनातही गेले नाही.

वाड्यांची चित्रे वाड्यांत गेली. वह्या मात्र टर्नरजवळच राहिल्या. तो १८५१ साली वारला, आणि १८५६ मध्ये त्याच्याजवळचा हा ठेवा राष्ट्राच्या मालकीचा झाला. त्याच्या सुमारे ३०० वह्या आज लंडनच्या टेट संग्रहालयात आहेत. आश्रयदात्याच्या पैशाने प्रवास घडला, पोट भरले, हे ऋण खरेच. पण पन्नास वर्षे पुरली ती शिदोरी स्वतःच्या डोळ्यांनी पाहून वहीत टिपलेली होती.

तेव्हा गुरुजी, यंदा मुलांची सहल गावाजवळच्या गडावर निघेल, तेव्हा प्रत्येकाच्या हाती एक कोरी वही द्या. रेघ वाकडी आली तरी चालेल. पण ती गड पाहून काढलेली असावी.