बडोद्याची तालीम आणि तोफानी पोरं



आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर महिनाभर एकच विषय चालू आहे. रात्री अकरानंतर बाइक उडवणारी आणि गेटपाशी आरडाओरडा करणारी पोरं. कोणी म्हणतं बाकडी उचला, कोणी म्हणतं मैदानाला कुलूप घाला, कोणी म्हणतं सरळ पोलिसांना बोलवा. म्हणून आज जुन्या बडोद्याबद्दल थोडं लिहितो. हा प्रश्न काही नवा नाही. 'तोफानी' हा शब्द आपण बडोदेकरांनी गुजरातीतून उचलला तो काय उगाच?

दांडिया बाजारातलं जुम्मादादा व्यायाममंदिर आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. जुम्मादादा मुसलमान उस्ताद, आणि त्यांचे शिष्य मराठी, प्रो. माणिकराव. गुरूचं नाव आजही संस्थेवर आहे. माणिकरावांनी दंड-बैठका, लाठी, लेझीम हे सगळं सांघिक कवायतीत बसवलं, आणि आज्ञा इंग्रजीऐवजी देशी भाषेत दिल्या. डभोईला जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे 1907 ते 1910 या काळात त्यांच्याकडे शिकले. पुढे तेच स्वामी कुवलयानंद झाले आणि 1924 मध्ये त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. मराठीतला दहा खंडांचा व्यायामज्ञानकोशही द. चिं. मुजुमदारांनी बडोद्यातूनच काढला.

ही झाली मोठी नावं. पण गल्लीबोळातल्या छोट्या तालमींचं काम वेगळं होतं. मी 1960च्या सुमारास पाहिलेली आमच्या भागातली तालीम म्हणजे एक हौदा, दोन मल्लखांब आणि मारुतीची तसबीर. वस्ताद फारसं बोलत नसत. एका पोराने दगड मारून रस्त्यावरचा दिवा फोडला. लोक म्हणाले, चौकीवर न्या. वस्तादांनी त्याला पहाटे साडेपाचला बोलावलं आणि हौद्यातली माती खणायला लावली. महिनाभर रोज. कुस्ती नाही, फक्त माती. महिना संपला तेव्हा त्या मातीचा खरा मालक तोच झाला होता. कोणी चप्पल घालून आत आलं तर आधी तोच ओरडायचा.

नियम तीनच. विडी-तंबाखू नाही, बाहेर हात उचलायचा नाही, आणि गल्लीतून तक्रार आली तर आठ दिवस हौद्यात पाय नाही. शेवटची शिक्षा सगळ्यात कडक. का? कारण पोराला तिथं यायचं असायचं. ज्याला कुठलीच जागा आपली वाटत नाही, त्याला तुम्ही बाहेर काढणार तरी कुठून?

सगळंच गोड होतं असंही नाही. काही आखाड्यांतली कमावलेली शरीरं निवडणुकीत आणि दंग्यात दुसऱ्यांनी वापरली. वस्ताद चांगला तर तालीम चांगली, एवढंच खरं. शिवाय आमच्या तालमीत मुलींना जागा नव्हती, ती मोठीच उणीव.

मग हे गेलं कुठं? जुन्या पोळींतली आपली कुटुंबं कारेलीबाग, मांजलपूरकडे गेली. ओटल्यावर बसणारे आजोबा लिफ्टच्या इमारतीत आले. पूर्वी "अरे, तू अमक्याचा ना?" एवढं म्हटलं की पोरगा वरमायचा. आज गेटपाशी बसलेल्या सात जणांपैकी किती जणांची नावं आपल्याला येतात?

रात्री 10 ते सकाळी 6 भोंगा बंद, हा 2000 सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियम आहे, तो पाळायलाच हवा. आणि मुलीची छेड, चाकू, नशा, यात "पोरसवदा आहे" म्हणून पांघरूण घालू नका. तिथं पोलीसच. पण बाकीच्या तोफानाला कुलूप हे उत्तर नाही. मैदान बंद केलं की ही पोरं पुढच्या चौकात जातील, आणि तिथं त्यांना ओळखणारं कोणी नसेल.

मी आयुष्यभर बँकेत हिशेब पाहिले. माझी सूचनाही तशीच आहे. यंदा गणपतीची पावतीपुस्तकं आणि रोजकीर्द याच पोरांच्या हाती द्या. रोज रात्री शिल्लक जुळवायला मी शेजारी बसेन. मैदानात एक मल्लखांब पुरा, मुलींसाठीही वेळ ठेवा, आणि शिकवणाऱ्याला नीट मानधन द्या. खर्च बाकडी उचलण्यापेक्षा जास्त येईल, हे मान्य. पण तो खर्च नाही, ठेव आहे.

इंदूर, ग्वाल्हेर, बेळगावकर मंडळींनो, तुमच्याकडच्या तालमींत कसं चालायचं? जरूर लिहा.