१८६५ ची मुंबई आणि १८७५ चे सुपे: दोन दिवाळखोऱ्यांची गोष्ट

१/ इ.स. १८७५. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल करून कर्जरोखे जाळले. त्यानंतर दोनच महिन्यांनी, ९ जुलै रोजी, मुंबईच्या दलालांनी आपली संघटना स्थापन केली. तोच आजचा मुंबई शेअर बाजार. पाठ्यपुस्तकांत या घटना वेगवेगळ्या प्रकरणांत भेटतात. दोन्हींची मुळे मात्र आधीच्या एकाच दशकात आहेत. त्या दशकाविषयी हा थ्रेड.

२/ एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांचा बहुतांश कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतून येत असे. उत्तरेच्या आरमाराने ती बंदरे अडवताच गिरणीमालकांची दृष्टी वऱ्हाड, खानदेश, गुजरात आणि धारवाडच्या कापसाकडे वळली. त्याची वाट मुंबई बंदरातून जात होती. युद्धकाळात मुंबईत नेहमीपेक्षा सात ते आठ कोटी पौंड अधिक आले, असा समकालीनांचा अंदाज होता.

३/ ही संपत्ती मुख्यतः निर्यातदार पेढ्या, बडे व्यापारी आणि दलाल यांच्या हाती साठली. इतका पैसा गुंतवायला शहर अपुरे पडू लागले, तेव्हा नव्या बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅक बे भरावाच्या कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या पलीकडे गेला. जमीन तयार होण्यापूर्वीच तिच्या आशेची खरेदी-विक्री चालू होती.

४/ या काळाचा नायक म्हणजे प्रेमचंद रायचंद (१८३१-१९०६). सुरतेत जन्मलेला हा दलाल विशी-तिशीतच बाजाराचा अनभिषिक्त राजा झाला. त्यांच्याकडे कोणतेही सरकारी पद नव्हते. तरीही १८४० मध्ये स्थापन झालेल्या, सरकार स्वतः भागधारक असलेल्या बँक ऑफ बॉम्बेमध्ये कर्ज कुणाला द्यावे याबाबत त्यांच्या शब्दाला विलक्षण वजन होते.

५/ १८६३ च्या कायद्याने या बँकेवरील जुने निर्बंध सैल झाले आणि शेअर तारण ठेवून कर्जे देण्याचा मार्ग खुला झाला. म्हणजे फुगलेल्या भावाच्या कागदावर कर्ज, त्या कर्जातून आणखी कागदाची खरेदी, आणि त्या खरेदीमुळे पुन्हा भाववाढ. संचालक मंडळात सरकारचे प्रतिनिधी बसत होते. त्यांच्या डोळ्यांदेखत हे चक्र फिरत राहिले.

६/ एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण आला. युद्ध संपत असल्याची चिन्हे दिसताच कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा वायद्यांच्या हिशेबपूर्तीचा दिवस होता. त्या दिवशी देणी भागेनात. पेढ्यामागून पेढ्या बसल्या. बँक ऑफ बॉम्बेचे दोन कोटींहून अधिक असलेले भांडवल जवळजवळ संपूर्ण बुडाले. पुढे सर चार्ल्स जॅक्सन यांच्या आयोगाने तिच्या कारभाराची चौकशी केली.

७/ बुडालेल्यांचे काय झाले? त्याच वर्षी सरकारने खास कायदा करून धनको आणि ऋणको यांच्यातील तडजोडीची सोय केली. विश्वस्त नेमून मालमत्तेची व्यवस्था लावता येऊ लागली. १८६८ मध्ये त्याच नावाची नवी बँक उभी राहिली. प्रेमचंदांची पेढीही बुडाली होती. परंतु ते सावरले आणि पुढची चार दशके सन्मानाने जगले. त्यांच्या देणगीतून उभारलेला, त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पूर्ण झाला. त्यांचे दातृत्व खरे होते, हेही नोंदवले पाहिजे.

८/ आता घाट चढून पुणे-नगरच्या कोरडवाहू पट्ट्यात येऊ. सुपे, इंदापूर, शिरूर हा मुख्यतः ज्वारी-बाजरीचा मुलूख. मुंबईच्या तेजीचा स्पर्श त्यालाही झाला. धान्य महागले, रेल्वेच्या बांधकामावर मजुरी मिळू लागली, १८६३ मध्ये बोरघाटातून आगगाडी धावू लागली. हात सैल झालेला सावकारही सहज कर्ज देऊ लागला.

९/ नेमक्या याच वेळी इंदापूरसारख्या तालुक्यांतील तीस वर्षांची जमाबंदी संपत होती. १८६७ च्या सुमारास फेरपाहणी झाली आणि तेजीतील भाव पाहून आकारणी वाढवली गेली. कित्येक ठिकाणी निम्म्याहून अधिक. पुढे भाव उतरले, रेल्वेची कामे आटोपली, पण वाढलेला सारा कायम राहिला. तो भरण्यासाठी कुणबी सावकाराच्या ओट्यावर जाऊन बसू लागला.

१०/ तेथे कायदा सावकाराच्या बाजूने झुकलेला होता. व्याजदरावरील जुन्या मर्यादा १८५५ मध्ये उठल्या होत्या. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या कर्जरोख्यावर दाव्यासाठी तीन वर्षांची मर्यादा घातली. हेतू ऋणकोच्या संरक्षणाचा होता. प्रत्यक्षात सावकार तीन वर्षे भरण्याआधी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा करून घेई. व्याज मुद्दलापेक्षा जास्त होऊ नये, हा दामदुपटीचा जुना दंडक अशा रीतीने कागदावरच हरला.

११/ रोखा वाचता येत नाही, कचेरी दूर, समन्सचा अर्थ कळत नाही. त्यामुळे दावे एकतर्फी निकाली निघत. मग जप्ती येई. कर्जापायी अटकही होऊ शकत असे. गावचा सावकार मुंबईच्या धनिकांपुढे किरकोळ माणूस होता. तथापि कायद्याची भाषा अवगत असणे हीच गावात त्याची मोठी सत्ता होती.

१२/ म्हणून सुप्याच्या जमावाने काय जाळले, हे महत्त्वाचे. खतावण्या आणि रोखे. जेथे कागद निमूटपणे हवाली केले गेले, तेथे बहुधा मारहाण झाली नाही. उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. सरकारने नऊशेहून अधिक लोकांना पकडले आणि गावांवर पोलिसी ठाणी बसवून त्यांचा खर्चही गावकऱ्यांकडूनच वसूल केला.

१३/ नंतर चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्याला अटक करणे बंद झाले. रोख्यामागचा मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. हप्त्यांची आणि नादारीची सोय झाली.

१४/ आता तारखा शेजारी ठेवून पाहा. मुंबईच्या सट्टेबाजांची पत कोसळली, त्याच वर्षी त्यांच्यासाठी कायदा झाला. त्याच तेजी-मंदीत सापडलेल्या कुणब्याला तशा सवलतीसाठी आणखी चौदा वर्षे आणि एक उठाव लागला. एकाच्या अपयशाला आर्थिक संकट मानले गेले. दुसऱ्याच्या अपयशाला उधळेपणा म्हणण्याची सरकारी प्रथा होती.

१५/ १८७९ च्या कायद्याने कर्जबाजारीपणा संपला नाही. सावकार गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घेऊ लागले, लहान शेतकऱ्याला कर्ज मिळणे अवघड झाले. १८८३ मध्ये महात्मा फुले 'शेतकऱ्याचा असूड' लिहीत होते, तेव्हा जखम ओलीच होती. विषमतेचा इतिहास वाचताना कुणाकडे किती संपत्ती होती, एवढेच मोजू नका. देणे फिटेनासे झाल्यावर कुणाला मुदत मिळाली आणि कुणाच्या दारात जप्ती आली, हेही प्रत्येक कालखंडाला विचारा.