एका पेनीचं मांजर आणि त्याचे वारस

घरातलं मांजर गेलं आणि काही दिवसांनी नवीन पिल्लू आणलं, की लोक सहज म्हणतात, "बरं झालं, त्याच्या जागी हे आलं." ही 'जागा' नक्की कसली असते? या प्रश्नाचा इतिहास शोधायचा तर कागद हवेत, आणि घरातल्या मांजराचं दप्तर कोण ठेवतं? पण ब्रिटनच्या गृहखात्याने आपल्या कचेरीतल्या मांजरांचं दप्तर ठेवलं. पुढे ते संशोधकांसाठी खुलं झालं. अशी फाइल वाचायची कशी, ते आज पाहू.

सुरुवात पैशांपासून होते. जून १९२९ मध्ये ब्रिटिश अर्थखात्याने गृहखात्याच्या मांजरासाठी किरकोळ खर्चातून रोज १ पेनी मंजूर केली. मांजर मात्र कार्यक्षम हवं, म्हणजे उंदीर धरणारं. त्याचं नाव पीटर. १९३२ मध्ये भत्ता आठवड्याला १ शिलिंग ६ पेन्स झाला. तेव्हा १ शिलिंगचे १२ पेन्स होत. म्हणजे आठवड्याचे ७ पेन्स वाढून १८ झाले.

पीटर १९४६ मध्ये गेला. त्याच वर्षी आलेल्या पिल्लाचं नाव ठेवलं 'पीटर दुसरा', अगदी राजांसारखं! जून १९४७ मध्ये ते गाडीखाली सापडून मेलं. ऑगस्टमध्ये 'पीटर तिसरा' आला आणि १९६४ पर्यंत राहिला. तो टीव्हीवरही झळकला होता. तो गेल्यावर लोकांनी गृहखात्याला सांत्वनाची पत्रं पाठवली.

आता इथे जरा थांबा. दुसऱ्या आणि तिसऱ्या पीटरमध्ये साधारण दोन महिन्यांचं अंतर आहे. हा शोकाचा काळ होता, असं लिहायचा मोह होतो ना? लिहू नका. सरकारी कामाला एरवीही दोन महिने लागतात. तारखांमधलं अंतर हा पुरावा आहे. त्याचं कारण हा आपला अंदाज. नवा संशोधक घसरतो तो बहुतेक याच दोन गोष्टींच्या मध्ये.

मग भावना कुठे दिसते? सांत्वनाच्या पत्रांत. खर्चाचा कागद हिशेबासाठी लिहिलेला असतो, तिथे मांजर हा एक खर्च आहे. पत्र लिहिणाऱ्याला मात्र उंदरांशी काही देणंघेणं नव्हतं. दोन्ही कागद एकाच मांजराबद्दल आहेत, पण कोणी, कोणाला आणि कशासाठी लिहिलं हे वेगळं आहे. फक्त पहिला कागद वाचला तर ब्रिटिश माणूस कोरडा वाटेल, फक्त दुसरा वाचला तर भाबडा.

खरी गंमत चौथ्या मांजराची. १९६४ मध्येच आइल ऑफ मॅन बेटाच्या लेफ्टनंट गव्हर्नरकडून तिथल्या बिनशेपटीच्या मँक्स जातीची एक मांजरी भेट आली. नाव पीटा, म्हणजे जुन्याच नावाचं स्त्रीरूप. नाव मिळालं, पद मिळालं, भत्ताही मिळाला. तरी काही कर्मचाऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्या: ती आळशी आहे, स्वच्छता पाळत नाही. तिला दुसरीकडे पाठवावं असंही सुचवलं गेलं. पण लोकांत बोभाटा होईल म्हणून तसं केलं नाही.

म्हणजे बघा, कचेरीतली जागा रिकामी झाली की भरता येते. नाव, अंक, भत्ता हे सगळं वारशाने पुढच्या मांजराकडे जातं. माया मात्र तशी जात नाही. ती प्रत्येक मांजराला शून्यापासून मिळवावी लागते. घरीही हेच लक्षात ठेवायला हवं. गेलेल्याची वाटी नव्या पिल्लापुढे ठेवा, खुशाल ठेवा. पण त्याने जुन्यासारखंच मांडीवर येऊन बसावं ही अट घालू नका. त्याने कुठल्या रिक्त पदासाठी अर्ज केलेला नसतो.

अर्थात हा निष्कर्ष चार मांजरांवर उभा आहे. मी विज्ञान शाखेची, त्यामुळे चार नमुन्यांवरून नियम सांगायला माझी जीभ अडखळते. इतिहासात मात्र एकच प्रकरण नीट वाचूनही चांगला प्रश्न हाती लागतो. तुमच्या विषयातला एखादा हिशेबाचा कागद आज काढा आणि त्याच व्यक्तीबद्दलचं एखादं पत्र शोधून त्याच्या शेजारी ठेवा. दोन्हींत काय जुळत नाही, ते आधी वहीत लिहा.