यकृद्विद्रधीच्या निदानाचा इतिहास

यकृतात पू साठतो हे प्राचीनांस अज्ञात नव्हते. सुश्रुतसंहितेत अंतर्विद्रधीच्या स्थानांत यकृताची गणना आहे. परंतु स्थान सांगणे निराळे आणि यकृताच्या इतर विकारांतून विद्रधी निवडून काढणे निराळे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदुस्थानातील युरोपीय डॉक्टर उजव्या कुशीतील वेदना, वाढलेले यकृत आणि ज्वर यांवरून सरसकट यकृद्दाहाचे निदान करीत व त्याचे खापर उष्ण हवेवर आणि मद्यावर फोडीत. पू झाल्याचे पुष्कळदा शवविच्छेदनातच कळे.

मद्रास येथील जेम्स ॲन्स्ली यांच्या १८२८ च्या ग्रंथात आमांश व यकृद्विद्रधी एकाच रोग्यात आढळल्याची उदाहरणे चित्रांसह आहेत. आतड्यांतील व्रणांचे विष नीलेवाटे यकृतात पोचते, असे जॉर्ज बड यांनी १८४५ मध्ये प्रतिपादिले. तेव्हापासून आमांशाची चौकशी निदानाचा भाग झाली. पण ती अपुरी होती, कारण कित्येक रोग्यांत आमांशाचा पूर्ववृत्तान्तच मिळत नसे.

विद्रधीविद्रधींतील भेद सूक्ष्मदर्शकाने दाखविला. अलेक्झांड्रियात कार्टुलिस यांना विद्रधीत अमीबा आढळले. १८९१ मध्ये बाल्टिमोर येथे कौन्सिलमन व लाफ्लर यांनी अमीबाजन्य विद्रधी जंतुजन्य विद्रधीहून वेगळा मानला. हा भेद केवळ नावाचा नव्हता. अमीबाजन्य विद्रधीतील तपकिरी द्राव बहुधा जंतुरहित असतो. तो शस्त्राने उघडल्यास बाहेरचे जंतू शिरून रोगी दगावण्याचा धोका असे. कलकत्त्याचे लेनर्ड रॉजर्स यांनी म्हणूनच पोकळ सुईने द्राव काढण्याचा आग्रह धरला. त्याहून महत्त्वाचे, पू होण्यापूर्वीच रोग ओळखावा असे त्यांचे म्हणणे होते. थंडी वाजून येणारा ज्वर हिवतापाचा समजून क्विनीन दिले जाई व मोलाचे दिवस वाया जात. हिवतापात रक्तातील पांढऱ्या पेशी सहसा वाढत नाहीत, यकृताच्या या विकारात वाढतात; साध्या रक्तपरीक्षेने हा घोटाळा बराच टळे. रॉजर्स आरंभी इपेकाकची मुळी देत. १९१२ मध्ये तिच्यातील एमेटीन त्यांनी टोचून दिले. गुण लवकर येई, आणि गुण येणे हाच निदानाचा पुरावा ठरे. ही पद्धत तर्कदृष्ट्या उलटी खरी, परंतु द्रावात अमीबा क्वचितच सापडत (ते विद्रधीच्या भिंतीत असतात), त्यामुळे दुसरा उपाय नव्हता.

एमेटीन हृदयास अपायकारक असल्याने १९६६ नंतर मेट्रोनिडाझोलने त्याची जागा घेतली. पुढे ध्वनिलहरींच्या चित्रणाने पोकळी दिसू लागली. परंतु ती अमीबाची की जंतूंची, हे त्या चित्रावरून खात्रीने सांगता येत नाही. त्यासाठी रक्तातील प्रतिद्रव्यांची परीक्षा करावी लागते.