आरओ ओट्यावर, क्षार गिझरात

पूर्वपक्ष असा: जड पाणी पोटात गेलं की मुतखडा होतो, सांधे धरतात, केस गळतात, म्हणून घराला बोअरचं पाणी लागलं की सगळ्यात आधी आरओ बसवावा. पुण्याजवळच्या वाघोलीपासून सोलापूर-लातूरपर्यंत, जिथे जिथे घर बोअर आणि टँकरवर चालतं, तिथे हे शेजारी सांगतात, पाहुणे सांगतात, अधूनमधून डॉक्टरही सांगतात. जड पाण्याने घराचं नुकसान होतं याबद्दल माझा वाद नाही. नुकसान नेमकं कुठे होतं आणि पैसा कुठे घालायचा, यावर आहे. ते नुकसान प्यायच्या पाण्यात नाही. तापवायच्या आणि धुवायच्या पाण्यात आहे. आणि आरओ तिथवर पोचतच नाही.

पूर्वपक्षाचा सगळ्यात प्रभावी पुरावा विक्रेता आपल्याच ओट्यावर मांडतो. दोन काचेचे ग्लास. एकात नळाचं पाणी, एकात आरओचं. त्यात सळयांच्या जोड्या असलेलं एक छोटं यंत्र बुडवून बटण दाबलं जातं. मिनिटभरात नळाचं पाणी पिवळं पडतं, मग तांबूस होतं, मग वर हिरवट-काळपट साय येते. आरओचं पाणी मात्र तसंच स्वच्छ. घरातल्यांचे चेहरे उतरतात आणि चेकबुक निघतं. खरं म्हणजे ग्लासात दिसतो तो गाळ पाण्यातला नसतोच. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, त्या विजेने लोखंडी सळई झिजते आणि गंजाचा गाळ तयार होतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्याने वीज वाहत नाही, म्हणून काही घडत नाही. आरओच्या त्या ग्लासात चिमूटभर खायचं मीठ टाकून प्रयोग पुन्हा करायला सांगा. तसाच गाळ येतो. बहुतेक विक्रेत्यांना तेवढ्यात पुढची अपॉइंटमेंट आठवते.

टीडीएस मीटरची गोष्टही याहून फार वेगळी नाही. तो पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज देतो. ते क्षार कॅल्शियमचे की साध्या मिठाचे, हे त्याला कळत नाही. पाणी सॉफ्टनरमधून काढलं तर त्याचा जडपणा जातो, पण कॅल्शियमच्या जागी सोडियम येत असल्याने टीडीएस होता तिथेच राहतो. मग घरमालक म्हणतो, मशीन चालतच नाही.

आता मुतखडा. गिझरातला पांढरा थर हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतो. त्यावर लिंबू पिळा, फसफसून बुडबुडे येतील. मूत्रपिंडातले बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. तो वेगळाच पदार्थ, आणि तो तयार होण्याची रीतही वेगळी. तापवलेल्या पाण्यातून खाली बसलेला क्षार आणि लघवीत साचलेला खडा यांत 'कॅल्शियम' या नावापलीकडे फारसं नातं नाही. बरं, कॅल्शियमने खडे वाढत असतील, तर जास्त कॅल्शियम खाणाऱ्यांना ते जास्त व्हायला हवेत. १९९३ साली अमेरिकेत कुऱ्हान आणि सहकाऱ्यांनी ४५ हजारांवर पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात उलटंच दिसलं: आहारात कॅल्शियम जास्त असलेल्यांना खडे कमी. २००२ मध्ये इटलीतल्या बोर्गी यांनी खडे पुन्हापुन्हा होणाऱ्या पुरुषांचे दोन गट केले. कॅल्शियम नेहमीइतकं ठेवून मीठ आणि मांसाहार कमी केलेल्यांना, कॅल्शियम तोडलेल्यांच्या जवळपास निम्म्याच वेळा खडे परत झाले. कारण सरळ आहे. आतड्यात कॅल्शियम ऑक्झलेटला धरून ठेवतं आणि ते शौचावाटे निघून जातं. कॅल्शियम नसेल तर ऑक्झलेट रक्तात शिरून मूत्रपिंडापर्यंत जातं.

आकड्यांकडेही पाहू. जडपणा (कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात) लिटरला ४०० मिलीग्रॅम असलेलं पाणी दिवसाला दोन लिटर प्यायलं, तरी त्यातून फार तर ३२० मिलीग्रॅम कॅल्शियम मिळेल, आणि तेही सगळा जडपणा कॅल्शियमचाच धरला तर. प्रत्यक्षात त्यातला मोठा वाटा मॅग्नेशियमचा असतो. मोठ्या पेलाभर दुधातून जवळपास तेवढंच मिळतं. जड पाण्याने मुतखडा होतो म्हणून कुणी दूध सोडल्याचं ऐकिवात नाही. उन्हात राबणाऱ्या माणसाच्या खड्याला पाणी कमी पिणं जितकं कारण असतं, तितकं पाण्याचं जड असणं नसतं.

प्रमाणग्रंथ काय म्हणतात? जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या दृष्टीने मर्यादा ठरवलेलीच नाही. पिण्याच्या पाण्यासाठीच्या आपल्या आयएस १०५०० या मानकात २०१२ पासून २०० मिलीग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालेल, असं आहे. हा आकडा दाखवून 'बघा, सरकारच सांगतं' म्हणणाऱ्यांनी याच मानकाची १९९१ ची आवृत्ती उघडावी. तिथे जडपणाला मर्यादा का, याचं कारणही नोंदवलं आहे: पाणीपुरवठ्याच्या नळांत थर साचतो आणि घरगुती वापराला त्रास होतो. आजाराचं नाव नाही. म्हणजे मानक प्लंबरची बाजू मांडत होतं आणि आपण ते वैद्यकाच्या खात्यात जमा केलं.

त्वचेचं आणि केसांचं थोडक्यात. इसब असलेल्या मुलांच्या घरी सॉफ्टनर बसवून इंग्लंडमध्ये मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले: काहीही फायदा दिसला नाही. केसांवरचे अभ्यास छोटे आहेत आणि एकमेकांशी जुळत नाहीत. केस राठ लागतात हे खरं, पण ते साबणाच्या चिकट साक्यामुळे. शिकेकाई-रिठ्याचा फेस कॅल्शियमने फाटत नाही. आपल्या आज्यांनी दुष्काळी गावातल्या विहिरीच्या पाण्यावर वेण्या सांभाळल्या, त्या याच जोरावर.

आता मंडन. शहरी पाणीपुरवठ्याचा हिशेब माणशी रोज १३५ लिटरचा असतो. चौघांच्या घराला ५४० लिटर. त्यातलं प्यायला आणि स्वयंपाकाला वीसेक लिटर धरा. आरओ त्या विसांवर काम करतो आणि वर एका लिटरमागे दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. उरलेल्या ५२० लिटरांतला जडपणा जसाच्या तसा गिझर, वॉशिंग मशीन, शॉवर आणि साबणाच्या वडीकडे जातो. घराला भुर्दंड पडतो तो तिथे.

गिझर घ्या. जड पाण्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेलं असतं. पाणी तापलं की त्याचा कर्बवायू निघून जातो आणि न विरघळणारं कार्बोनेट खाली बसतं; ६० अंशांच्या वर तर झपाट्याने. रोज १०० लिटर पाणी तापत असेल आणि त्यात असा जडपणा लिटरला ३०० मिलीग्रॅम असेल, तर थर होऊ शकणारा माल रोज ३० ग्रॅम भरतो. त्यातला दहावा हिस्सा जरी बसला, तरी वर्षाला किलोभर. मेकॅनिक एलिमेंट बाहेर काढतो तेव्हा तांब्याची ती वळी दिसतच नाही; तिच्या जागी पांढरट, खडबडीत, पोवळ्यासारखी काठी असते आणि टाकीच्या तळाशी कपच्यांचा ढीग.

आणि इथे आणखी एका लोकप्रिय समजुतीला हात घालावा लागतो. 'अमुक मिलीमीटर थर चढला की विजेचं बिल तमुक टक्के वाढतं' असे तक्ते सगळीकडे फिरतात. ते आले आहेत बॉयलरमधून, जिथे ज्योत बाहेर असते आणि अडलेली उष्णता धुराड्यातून निघून जाते. विजेचं एलिमेंट पाण्यात बुडालेलं असतं. दोन हजार वॅटचं एलिमेंट थरासकट दोन हजार वॅटच ओढतं, आणि ती उष्णता पाण्याशिवाय जाणार कुठे? २००९ साली बॅटेल संस्थेने अमेरिकेतल्या पाणी-सॉफ्टनरवाल्यांच्या संघटनेसाठी चाचण्या केल्या. गॅसवरच्या टाक्यांची कार्यक्षमता घसरली, विजेच्या टाक्यांची घसरली नाही. ज्यांना घसरण दाखवायची होती, त्यांच्याच पैशातून हा निष्कर्ष निघाला, म्हणून त्याला वजन आहे. मग नुकसान कशाचं? एलिमेंटचं. उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो, आतली तार जास्त तापते, वरचं कवच तडकतं. एलिमेंट जातं, कधी गिझरच्या पाण्याला शॉक येतो. खर्च बिलात दिसत नाही. तो मेकॅनिकच्या हातात आणि दोन-चार वर्षांनी नव्या गिझरच्या पावतीत दिसतो. गॅसच्या गिझरची बारीक नळी तुंबते. सोलरचं तसंच: तांब्याच्या नळ्यांचं सपाट पॅनल जड पाण्याने भरत जातं, काचेच्या नळ्यांचं जास्त टिकतं. बोअरच्या पाण्यावर सोलर घेताना हे कळलं नाही, तर पैसे छतावर अडकतात.

साबणाचा हिशेब कागदावर करता येतो. लिटरला ३०० मिलीग्रॅम जडपणा म्हणजे प्रत्येक लिटर पाणी सुमारे पावणेदोन ग्रॅम साबण आधी स्वतःच खाऊन साका करणार, मग फेस. बालदीत कपडे बुडवून वडी घासणाऱ्या घराला, पंधरा लिटरच्या एका बालदीमागे पंचवीस-तीस ग्रॅमचा हा कर. साबणाऐवजी डिटर्जंट पावडर वापरली तर त्यातला सोडा हा कर भरतो. म्हणूनच बोअरच्या पाण्याला पावडर जास्त लागते.

एक मुद्दा आरओच्या बाजूचा आहे, तो नाकारत नाही. जड पाण्यात डाळ शिजता शिजत नाही. कॅल्शियम डाळीतल्या पेक्टिनला घट्ट बांधतं, शिट्ट्या वाढतात, गॅस वाढतो. पण आदल्या रात्री उकळून निवळलेलं पाणी घेतलं तरी बरंच साधतं.

मग ५२० लिटरांचं काय? सगळ्याला सॉफ्टनर लावा, असं सांगणारेही आहेत. त्यांचं गणित तपासू. ४०० मिलीग्रॅमचं ५४० लिटर पाणी मृदू करायला कागदोपत्री अडीचशे ग्रॅम मीठ रोज लागतं, प्रत्यक्षात जवळपास दुप्पट. महिन्याला पंधरा किलो मीठ घरातून गटारात. त्यापेक्षा न्हाणीघरातला गरम नळ आणि वॉशिंग मशीन यांच्यापुरतंच, म्हणजे दीडशे-दोनशे लिटर मृदू करा. मीठ चार ते साडेपाच किलोवर येतं. फ्लशच्या टाकीला मृदू पाणी हवंच कशाला? गिझरचा काटा ५० ते ५५ अंशांवर ठेवणं आणि वर्षातून एकदा टाकी उघडून लिंबूसत्त्वाच्या पाण्याने थर सोडवणं, याला तर जवळपास काहीच खर्च नाही. शॉवरची जाळी रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली तरी भोकं मोकळी होतात. संडासचं ॲसिड मात्र नळांवर वापरू नये. थराबरोबर क्रोमचा मुलामाही जातो.

सगळ्यात महागडी चूक तर टाकीतच होते. बऱ्याच सोसायट्यांत महापालिकेचं पाणी आणि बोअर-टँकरचं पाणी एकाच भूमिगत टाकीत पडतं. पुण्याला मिळणारं खडकवासला धरणाचं पाणी सह्याद्रीच्या पावसाचं, मुळात मृदू. बोअरचं पाणी बेसाल्टच्या भेगांतून आणि चुनखडीतून आलेलं. दोन्ही एकत्र केली की मृदू पाण्याचा उपयोगच संपतो. १३५ लिटरांतले ४५ फ्लशचे धरले जातात. ते बोअरचे घ्यावेत, वेगळ्या टाकीतून. आणि महापालिकेचं पाणी अंघोळीला आणि स्वयंपाकाला. नव्या इमारतींत दोन नळजोडण्या घालणं अवघड नाही. पण सोसायटीच्या सभेत आरओचा ठराव पाच मिनिटांत पास होतो आणि पाइपचा वर्षानुवर्षं पुढे ढकलला जातो, कारण आरओ ओट्यावर दिसतो आणि पाइप भिंतीत असतो.

आरओ कुठेच नको, असं कुणी समजू नये. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाण पट्ट्यात पाणी खारट असतं, नुसतं जड नव्हे. तिथे प्यायला दुसरा स्रोत नसेल तर आरओ हवाच. यवतमाळ-चंद्रपूरकडे फ्लोराइडचा प्रश्न आहे, आणि तिथली गोम अशी की फ्लोराइड जास्त असलेलं पाणी बरेचदा मृदूच असतं, कारण कॅल्शियम असतं तर त्याने फ्लोराइडला खाली बसवलं असतं. जिभेला गोड लागणाऱ्या, डाळ झटकन शिजवणाऱ्या पाण्यात खरा धोका असू शकतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये टीडीएस ५०० च्या खाली असेल तिथे आरओवर बंदी घालायला सांगितलं, त्यामागे आरओ कुठे लागतो आणि कुठे नाही याचीच छाननी होती.

तेव्हा विक्रेत्याच्या सळयांऐवजी पाण्याचा नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत न्यावा. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा हे काम करतात. अहवालातले फ्लोराइड, नायट्रेट आणि जंतू यांचे आकडे ओट्यावर काय हवं ते सांगतील. एकूण जडपणा आणि अल्कलिनिटी हे आकडे गिझरच्या मेकॅनिकला दाखवायचे.